हिंजवडीवरून घरी आल्यावर स्वतःचा कोड लिहायचा कसा

हिंजवडीतून निघून वाकडचा ब्रिज पार करून कोथरूडला पोचेपर्यंत साडेआठ होतात, जेवणं आटपेस्तोवर साडेनऊ, आणि मग परत लॅपटॉप उघडायचा म्हटलं की जिवावर येतं. माझी दोन वर्षं अशीच गेली, ॲप बनवायला रिॲक्ट घेऊ का फ्लटर यातच रविवार संपायचा.

म्हणून आधी ज्याला गरज आहे असा माणूस शोधा, टेक्नॉलॉजी नंतर बघा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर चालू झाले की वॉचमनकाका रजिस्टरमध्ये लिहितात आणि महिनाअखेरीला बिलाशी ताळा जुळवताना सेक्रेटरी काकू वैतागतात. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरून एक साधं पान केलं, तारीख, वेळ, लिटर, बास. दुसऱ्याच दिवशी काकूंनी जिन्यात गाठलं, "अरे, एकच टँकर दोनदा पडलाय, काढू कसा?" डिलीटचं बटणच नव्हतं! त्या रात्री जेवण झाल्या झाल्या बसलो.

रोज दोन तास वगैरे ठरवू नका, टिकत नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा तास पुरतो, फक्त उठताना काम अर्धवट ठेवून उठा. मी झोपायच्या आधी एक फेल होणारी टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) लिहून ठेवतो, मग पुढच्या वेळी लॅपटॉप उघडला की ती लाल ओळ समोरच असते, ती हिरवी, म्हणजे पास, करायची एवढंच काम. दमलेलं असताना खरा त्रास 'सुरुवात कुठून करू' याचाच होतो हो.

मोठं काम सुट्टीत काढा. पायथनसुद्धा गुइडो व्हॅन रॉसमनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत, ऑफिस बंद असताना सुरू केली होती, आपल्याला दिवाळी आहे.

आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर अजिबात नको, अपॉइंटमेंट लेटरमध्ये तुम्ही लिहिलेला कोड कोणाच्या मालकीचा हे आधी नीट वाचा.

आता वॉचमनकाका स्वतःच्या फोनवरून एंट्री टाकतात, तेही मराठी आकड्यांत. पायथनचं इंट, म्हणजे लिहिलेल्या आकड्याची संख्या करणारं फंक्शन, १०००० सरळ वाचतं, पण काका मध्ये स्वल्पविराम देऊन १०,००० लिहितात, तिथे एरर येतो. आजची लाल टेस्ट तीच आहे.