मीटर वाजला म्हणजे युरेनियम? खडक ओळखताना या चुका टाळा

दिवाळीला मावसभाऊ निपाणीहून आला तो पिशवीत दगड घेऊनच. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुठीएवढा, काळाकुट्ट. ओट्यावर ठेवत म्हणाला, "दादा, जरा बघ की, युरेनियम असंल काय?" फ्रीजच्या दारावरचा लोहचुंबक काढून लावला, तो टक्कन चिकटला. मॅग्नेटाइट. त्याची घनता 5.2, युरेनिनाइटची, म्हणजे युरेनियमच्या मुख्य खनिजाची, 8 ते 10, आणि युरेनिनाइटला चुंबक असा चिकटत नाही. मी विचारलं, "कुठं मिळाला?" तर हायवेच्या कडेला!

दगड कुठला, हे न विचारणं हीच सगळ्यात मोठी चूक. निपाणी, चिकोडी, अथणी हा सगळा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा पट्टा. बेसाल्टमध्ये युरेनियम बहुधा 1 पीपीएमच्याही (दहा लाखांत एक भाग) खाली असतं. ग्रॅनाइटमध्ये सरासरी 3 ते 5, आणि थोरियम 15 ते 20 पीपीएम. याचं कारण शिलारस थिजण्याच्या क्रमात आहे. युरेनियम-थोरियमचे आयन मोठे आणि जास्त भाराचे. आधी बनणाऱ्या ऑलिव्हिन, पायरॉक्सिनच्या स्फटिकांत ते मावत नाहीत, म्हणून उरलेल्या रसात साठत जातात. शेवटचा रस थिजून ग्रॅनाइट आणि पेग्मटाइटच्या (मोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या) शिरा होतात. झिरकॉन, मोनाझाइट, अॅलनाइट, झेनोटाइम ही युरेनियम-थोरियम धरणारी खनिजं शोधायची ती तिथे. दुर्मिळ मृदा खनिजांसाठी कार्बोनेटाइट, म्हणजे कार्बोनेट खनिजांचा अग्निजन्य खडक, तोही महत्त्वाचा. गुजरातमधला अंबाडुंगरचा कार्बोनेटाइट आपल्या बेसाल्टच्याच ज्वालामुखी काळातला, पण खडक अगदी वेगळा.

आणि गंमत म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यात देशनूरजवळ युरेनियम मिळालंय ते अग्निजन्य खडकात नाही, कलादगी खोऱ्यातल्या वालुकाश्मात. म्हणून "ग्रॅनाइट दिसला की झालं" हेही चूकच.

आता मीटर. किरणोत्सार मोजणारा स्वस्त गायगर काउंटर घेऊन ग्रॅनाइटच्या क्वारीत उतरलात की तो जास्त टकटकणारच. उघड्या माळावर खडक फक्त पायाखाली असतो, खड्ड्यात चारी बाजूंनी. आधी आसपासच्या मोकळ्या जमिनीवर दहा-दहा मिनिटांचे चार-पाच आकडे वहीत लिहा, मगच तुलना करा. ग्रॅनाइटमधल्या गुलाबी फेल्डस्पार खनिजातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-40 नेही आकडा चढतो. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम वेगळे दाखवणं काउंटरच्या आवाक्यातलं नाही. त्याला गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो. तो पोटॅशियम 1.46, बिस्मथ-214 1.76 आणि थॅलियम-208 2.61 एमईव्हीवर (गॅमा किरणांच्या ऊर्जेचं एकक) वेगळे दाखवतो. शेवटचे दोन म्हणजे अनुक्रमे युरेनियम आणि थोरियमची पोरंबाळं, म्हणजे त्यांच्या क्षयातून बनलेली मूलद्रव्यं.

एक गोष्ट पावसाळ्यात हमखास फसवते. सरीबरोबर हवेतली रेडॉन या किरणोत्सारी वायूची क्षयजन्य द्रव्यं जमिनीवर उतरतात आणि मीटर एकदम वर जातो. त्यांची अर्धायु, म्हणजे निम्मी होण्याचा काळ, 20 ते 27 मिनिटं. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास चहा पीत बसा, मग मोजा. आपल्याकडे जून-सप्टेंबरमध्ये ते कठीणच, म्हणून फिरायचं ते जानेवारीनंतर.

अतिनील टॉर्चवर विसंबू नका. ऑट्युनाइट हे युरेनियमचं खनिज हिरवं चमकतं खरं, पण कॅल्साइट आणि बेसाल्टच्या पोकळ्यांतल्या काही गारगोट्याही चमकतात, तर मोनाझाइट साधारणपणे चमकत नाही. बेसाल्टच्या पोकळीतलं हिरवट अपोफिलाइट पाहून "युरेनियम" म्हणणारे मी दोघेतिघे पाहिलेत.

नमुना घेताना वरचा पोपडा खरवडून तेवढाच पाठवू नका. ऑक्सिडीभूत युरेनियम पाण्यात विरघळून निघून जातं, थोरियम जागेवर राहतं. त्यामुळे जांभ्यात आणि कुजलेल्या ग्रॅनाइटमध्ये थोरियमचं प्रमाण फुगलेलं दिसतं. ताजा, फोडलेला तुकडा हवा, आणि एकच निवडक नको. शिरेचा आणि शेजारच्या खडकाचा, दोन्ही द्या. प्रयोगशाळेत नमुना कसा विरघळवणार तेही विचारा. झिरकॉन साध्या आम्लात नीट विरघळत नाही, मग अहवालात आकडा कमी येतो आणि आपण दोष दगडाला देतो.

घरी खलबत्त्यात कुटायचा मोह टाळा; धूळ श्वासात जाते. तुकडा डब्यात, लेबल लावून, झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. मोनाझाइट हा अणुऊर्जा कायद्याखालचा विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणातला पदार्थ आहे. त्याचा साठा किंवा विक्री परवान्याशिवाय चालत नाही. दगड खरंच संशयास्पद वाटला तर केंद्राच्या परमाणू खनिज संचालनालयाला (एएमडी) कळवा, जागेचा नकाशा आणि वहीतल्या आकड्यांसह. नुसता फोटो नको.