भाड्याचे घर घेताना आधी कराराचे नाव वाचावे

महाराष्ट्रात घर भाड्याने घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी कराराच्या माथ्यावर काय लिहिले आहे ते पाहावे: भाडेपट्टा की लिव्ह अँड लायसन्स. बोलताना आपण दोन्हींना भाड्याचे घरच म्हणतो. परंतु पहिल्यात जागेवर भाडेकरूचा हक्क निर्माण होतो, तर दुसऱ्यात ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. शहरांतील फ्लॅटचे बहुतेक करार दुसऱ्या प्रकारचे असतात. जुन्या चाळीतील पागडीच्या भाडेकरूंबद्दल ऐकलेले नियम, उदाहरणार्थ वर्षाला ४ टक्क्यांची भाडेवाढ, अशा फ्लॅटला लावायला गेले की गोंधळ होतो, कारण तेथे भाडे आणि त्यातील वाढ करारात लिहिल्याप्रमाणेच चालते.

दुसरी गोष्ट नोंदणीची. ‘११ महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की पुरे,’ हे वाक्य एजंटांच्या तोंडी इतके रुळले आहे की लोक त्यालाच कायदा समजतात. या समजुतीचे मूळ १९०८च्या नोंदणी अधिनियमात आहे, कारण त्यात एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केलेली आहे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार राज्यातील असा कोणताही करार, मग तो भाडेपट्ट्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि मुदत ११ महिन्यांची असल्याने त्यातून सुटका होत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हे शेवटचे कलम शांतपणे वाचून दाखवावे. दंडाच्या भीतीपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो, असे माझे मत आहे.

खर्चही फार नाही. दरमहा २०,००० रुपये भाड्याच्या ११ महिन्यांच्या करारावर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के म्हणजे ५५० रुपये मुद्रांक शुल्क लागते, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर गृहीत धरलेल्या १० टक्के व्याजामुळे किरकोळ भर पडते, आणि महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते. आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा यांच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइन, घरी बसूनही करता येते.

अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ही मर्यादा केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो नमुना आहे आणि राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून अनामत किती, ती कधी परत मिळणार आणि कोणत्या कारणांसाठी कापली जाणार, हे करारातच लिहून घ्यावे. ‘रंगकामाचे पैसे कापले जातील’ अशी मोघम ओळ असेल तर रक्कम विचारून ती लिहायला लावावी.

मालक कुलूप बदलू शकतो, सामान बाहेर काढू शकतो, हा समज सर्वांत घातक आहे. लायसन्सची मुदत संपल्यावरही जो घर सोडत नाही त्याच्याविरुद्ध मालकाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा असतो. तेथे मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते, हे राहणाऱ्याने विसरू नये. भाडेकरूचे पाणी किंवा वीज पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास त्याच अधिनियमाचे कलम २९ मनाई करते. कायदेशीर मार्ग सोडून आणि संमतीविना ताबा काढून घेतला गेला, तर १९६३च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. असा प्रसंग आलाच तर वादावादीत वेळ न घालवता फोटो काढावेत, पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी आणि वकिलाकडे जावे.

याच्या उलट दिशेची समजूत म्हणजे १२ वर्षे राहिले की घर आपले होते. विरुद्ध कब्जाचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे मालकी मिळाल्याचा, दावा मालकाचा हक्क नाकारून ठेवलेल्या ताब्यावर उभा राहतो. भाडे देणारा मनुष्य तर दर महिन्याला तो हक्क मान्यच करीत असतो.

भाडे शक्यतो बँकेमार्फत द्यावे आणि रोख दिल्यास पावती मागावी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. राहायला येताना भिंती, नळ व वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला पाठवावेत, आणि घर सोडताना किल्ल्या परत केल्याची तारीख त्याच्याकडून लिहून घेऊन मगच निघावे.