विमान जड का वळत होतं: एककांचा घोळ आणि त्यावरचा उपाय

एफएसएक्ससाठी (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा खेळ) एका छोट्या विमानाचं मॉडेल दुरुस्त करत होतो. वजन, पंख, इंजिन सगळं बरोबर, पण डावी-उजवी कलताना विमान फारच सुस्त. आधी एलेरॉनचे (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्यांचे) आकडे वाढवून पाहिले. तो उपाय वरवरचाच ठरला, कारण विमान कलायला लागलं की थांबायलाही तितकाच वेळ घेई.

मग विमानाचे आकडे ठेवणाऱ्या एअरक्राफ्ट डॉट सीएफजी फाइलमधला जडत्व आघूर्ण, म्हणजे विमान फिरायला किती विरोध करतं याचा आकडा, तपासला. तिथे सिम्युलेटरला स्लग-वर्गफूट (स्लग हे वस्तुमानाचं ब्रिटिश पद्धतीतलं एकक) लागतं आणि भरलेला आकडा होता किलो-वर्गमीटरमधला. १ स्लग-वर्गफूट म्हणजे सुमारे १.३५६ किलो-वर्गमीटर, म्हणजे जडत्व जवळजवळ ३६ टक्के जास्त झालं होतं. रोल (बाजूला कलणं), पिच (नाक वर-खाली होणं), यॉ (नाक डावी-उजवीकडे वळणं) या तिन्ही आकड्यांना १.३५६ ने भागलं, एलेरॉन मूळ जागी आणले आणि विमान हाताला हलकं लागलं.

पाउंड-वर्गफूटातले आकडे मिळाले तर ३२.१७४ ने भागायचं. इथे चूक राहिली तर विमान हलणारच नाही, म्हणून ती निदान पटकन दिसते. ३६ टक्क्यांची चूक मात्र खरी फसवी!

इंधनाच्या टाक्याही बघा. तिथे अमेरिकन गॅलन लागतो, ३.७८५ लिटरचा; ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो.

जेएसबीसिम या विमानाच्या उड्डाणाचं गणित करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत मला जास्त आवडते. तिथे आकड्याशेजारीच एकक लिहिता येतं.