उंच मुलासाठी बाबागाडी घेताना काय मोजावे, काय तपासावे

बाबागाडीच्या खोक्यावर ‘६ महिने ते ३ वर्षे’ असे छापलेले असते. ते सरासरी बांध्याच्या मुलाला धरून असते, आणि उंच मुलाच्या बाबतीत हमखास फसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत मुलग्यांची मध्यम उंची दोन वर्षांना सुमारे ८७ सेंमी आणि तीन वर्षांना सुमारे ९६ सेंमी आहे. पण त्याच तक्त्यांप्रमाणे अडीच वर्षांचा उंच मुलगा ९८ सेंमीचाही असू शकतो. वय अडीच, अंग सव्वातीनचे. मुलींचे आकडे साधारण सेंटिमीटरभर कमी धरा, बाकी सगळे तेच. त्यामुळे खोक्यावरचे वय बाजूला ठेवा आणि टेप हातात घ्या.

आधी मुलाला मोजा

नुसती उंची मोजून भागत नाही, कारण गाडीत मूल बसलेले असते. त्याला भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून फरशीवर बसवा, पाय पुढे सरळ. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा. फरशीपासून त्या खुणेपर्यंतची ही बैठी उंची. त्याच वेळी खांद्याच्या वरच्या कडेशी दुसरी खूण करा. मग मुलाला छोट्या स्टुलावर बसवून शिंप्याच्या टेपने आणखी दोन मापे घ्या: कुल्ल्याच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, आणि त्या खोबणीपासून टाचेपर्यंत. हे शेवटचे माप बूट घालून घ्यायचे, कारण गाडीत मूल बूट घालूनच बसणार.

९८ सेंमीच्या मुलाची बैठी उंची साधारण ५५ ते ५६ सेंमी भरते आणि खांदा ३४-३५च्या घरात येतो. हे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. एकाच उंचीच्या दोन मुलांत लांब पाय आणि लांब धड हा फरक चांगला ३ सेंमीचा असू शकतो आणि गाडी निवडताना तोच आडवा येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षात मूल वर्षाला ७ ते ९ सेंमी वाढते आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग पायांचा असतो. बहुतेक आईवडील दुकानात डोके टपाला लागते का एवढेच बघतात. प्रत्यक्षात गाडी आधी अपुरी पडते ती पायांना.

मग सीट मोजा

ऑनलाइन जाहिरातीत उघडलेल्या आणि मिटलेल्या गाडीची मापे असतात, सीटची क्वचितच. विक्रेत्याला टेप लावून काढलेला फोटो मागा. दुकानात असाल तर स्वतः मोजा, पण सीटवर मूठ घट्ट दाबून. नुसत्या कापडाची झोळीसारखी सीट वजनाने २-३ सेंमी खाली जाते. खालून फळी असलेली सीट जवळजवळ जात नाही, आणि उंच व वजनदार मुलाला तीच बरी. झोळीत मूल पुढे घसरते आणि पाठीला पोक काढून बसते.

दाबलेल्या सीटपासून टपाच्या आतल्या सर्वांत खालच्या दांडीपर्यंतचे अंतर बैठ्या उंचीपेक्षा निदान ५ सेंमी जास्त हवे. ५५ची बैठी उंची असेल तर ६० सेंमी. कापड डोक्याला लागले तर मूल कुरकुरते एवढेच, पण दांडी कपाळाच्या रेषेत असेल तर स्पीडब्रेकरवर मार बसतो. काही गाड्यांचा टप मागच्या दांड्यावर वर सरकवता येतो. उंच मुलासाठी ही सोय फार कामाची, मात्र विकणारे ती आपणहून सांगत नाहीत. विचारा.

पट्टे पाच जागी धरणारे हवेत: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमध्ये. खांद्याच्या पट्ट्यांची सर्वांत वरची खाच मुलाच्या खांद्याच्या पातळीत किंवा १-२ सेंमी वर असली पाहिजे. खाच खांद्याच्या खाली असेल तर पट्टा खांदा खाली ओढतो. मूल वैतागून हात बाहेर काढते आणि पट्टा असून नसल्यासारखा होतो. ३४ सेंमी खांद्याच्या मुलाला आजच ३५ची खाच बसेल, पण वर्षभराने ती खाली पडेल. म्हणून वरची खाच ३७-३८ सेंमीवर आणि खाली आणखी एकदोन खाचा, अशी गाडी शोधा. एकच खाच असलेली स्वस्त गाडी इथेच बाद करावी, तिचा रंग कितीही गोड असो.

सीटची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर, मांडीच्या मापापेक्षा २-३ सेंमी कमी असावे. फार उथळ सीटवर मांड्या लोंबतात आणि रग लागते. फार खोल असेल तर गुडघे वाकत नाहीत, पाय काठीसारखे पुढे येतात. उंच मुलांना अडचण बहुधा उथळ सीटची येते. रुंदी ३३-३४ सेंमी असली की स्वेटरसकट बसता येते.

आता फुटरेस्ट. सीटच्या कडेपासून फुटरेस्टपर्यंतचे अंतर बुटासकट घेतलेल्या पोटरीच्या मापाइतके हवे. कमी असेल तर गुडघे पोटाजवळ येतात, मूल पाय खाली सोडते आणि बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासते. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्यांत हे फार होते, कारण त्यांची पुढची चाके फिरती आणि पायांच्या अगदी जवळ असतात. वळताना चाक आत फिरले की बूट अडकतो. दुकानात मूल बसवून पुढची चाके हाताने पूर्ण गोल फिरवून बघा. बूट आणि चाक यांच्यात कोणत्याही कोनात तीन बोटे अंतर राहिले नाही तर ती गाडी नको.

वजनाचा आकडा

९८ ते १०० सेंमीचे अंगाने बेताचे मूलही १५ किलोच्या आसपास भरते. अनेक बाबागाड्यांची मर्यादा नेमकी १५ किलो असते, म्हणजे उंच मूल अजिबात गुबगुबीत नसतानाही तिसऱ्या वाढदिवसाआधी ती गाठू शकते. युरोपीय मानकात हा फरक स्पष्ट आहे: ईएन १८८८-१ हा भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आहे आणि ईएन १८८८-२ हा त्यापुढे २२ किलोपर्यंत. सांगाड्यावरच्या लेबलवर दुसरा भाग छापलेला दिसला तर उंच मुलासाठी तो भक्कम पुरावा. नुसते ‘२५ किलोपर्यंत’ लिहिलेले असेल आणि कोणत्याही मानकाचा उल्लेख नसेल, तर तो आकडा विक्रेत्याचा दावा समजा.

जास्त वजनाने सांगाड्याची नळी सहसा मोडत नाही. मिटण्याच्या सांध्यातले रिव्हेट सैल होतात, पुढचे चाक थरथरायला लागते, ब्रेकचा प्लास्टिकचा दात झिजतो. हे सगळे हळूहळू होते, म्हणून उशिरा लक्षात येते.

आपल्या रस्त्यांवर

पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर बाबागाडी सलग शंभर मीटर चालवता आली तर नशीब म्हणायचे. पेव्हर ब्लॉकच्या फटी, गटाराच्या जाळ्या आणि सोसायटीच्या फाटकातली लोखंडी पट्टी यांत ५ इंचांची चाके अडकतात. निदान ६ इंचांची पुढची आणि ७-८ इंचांची मागची चाके घ्या. फोमची किंवा रबराची चालतील. हवेची सर्वांत मऊ चालतात, पण पंक्चर होतात आणि पंप सोबत बाळगावा लागतो. पुढच्या चाकाचे फिरणे बंद करायची कळ हवीच, खडबडीत जागी गाडी तिने सरळ राहते.

पायरीशी आल्यावर हँडल खाली दाबून पुढची चाके उचलावी लागतात. १५ किलोचे मूल बसलेले असताना हे एका हाताने जमत नाही. दोन वेगळ्या मुठींपेक्षा एकसंध आडवे हँडल यासाठी सोयीचे. हँडल तुमच्या कोपरापेक्षा थोडे खाली यावे. घरातली उंची आईबाबांकडूनच आली असेल तर हेही मोजून घ्या. १०० सेंमीचे हँडल सहा फुटी बाबाला वाकवते आणि चालताना त्याचा पाय मागच्या दांडीवर आपटतो.

हँडलला भाजीची पिशवी अडकवायचा मोह आवरा. मूल उतरले की गाडी मागे उलटते. मूल बसलेले असले तरी धोका असतोच, कारण उंच मुलाचे वजन वरच्या बाजूला असते आणि त्याने मागे अंग टाकले की पिशवीचा भार त्यात भर घालतो. सामान खालच्या टोपलीत, तेही लेबलवर लिहिलेल्या मर्यादेत. बरेचदा ती २ ते ५ किलो असते.

मिटवून कुठे ठेवणार?

उंच पाठीची गाडी मिटल्यावरही लांब राहते. मोटारीत सीएनजीची टाकी असेल तर डिकीत उरलेली जागा आधी मोजा, मगच दुकानात जा. रोज रिक्षाने फिरणाऱ्यांनी एका हाताने मिटणारी आणि ७-८ किलोंच्या आतली घ्यावी, कारण दुसऱ्या हातात मूल असते. लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी टेपने बघा. जुन्या इमारतींत जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर ६० सेंमीपेक्षा रुंद गाडी अडण्याची शक्यता बरीच. विमानासाठी घेत असाल तर लक्षात ठेवा, केबिनमधल्या बॅगेचे माप बहुधा ५५ × ३५ × २५ सेंमीच्या आसपास असते आणि उंच मुलाला पुरणारी सीट त्यात सहसा बसत नाही. बाबागाडी विमानाच्या दाराशी सोपवता येते का, हे तिकीट काढतानाच विचारा.

दुकानातली पाच मिनिटे

मुलाला बूट घालून न्या. बसवून सगळे पट्टे लावा. पट्टा आणि छाती यांत दोन बोटे जातील इतका घट्ट. पाठ पूर्ण मागे करून बघा, डोके वरच्या कडेच्या बाहेर जाते का? उंच मूल झोपले की थोडे वर सरकते, म्हणून डोक्यावर ४-५ सेंमी जागा उरली पाहिजे. पोटरीखालची पट्टी वर करता येत असेल तर झोपेत पाय लोंबत नाहीत. मग दुकानाबाहेरच्या उतारावर ब्रेक लावून गाडी हलकेच ढकला. एकाच दाबात दोन्ही मागची चाके अडली पाहिजेत. शेवटी स्वतः मिटवा आणि उघडा. दुकानदाराच्या हातून ती नेहमीच सोपी दिसते.

वापरलेली गाडी घेत असाल तर ती रिकामी ढकलून हात सोडा. एका बाजूला वळत गेली तर सांगाडा वाकलेला आहे किंवा चाकाचा दांडा झिजलेला आहे. बकल वीसेक वेळा लावून काढा, पट्ट्याची शिवण ओढून बघा.

पावसाळी प्लास्टिक गाडीसोबतच मागा, कारण दुसऱ्या कंपनीचे आणले तर उंच मुलाच्या गुडघ्यांवर ताणून बसते. त्याला बाजूला हवेची भोके हवीत. उन्हात टपावरून ओढणी किंवा चादर टाकू नका, आत झपाट्याने उष्णता साठते.

मूल पाच वर्षांचे झाले आहे आणि स्नायूंच्या किंवा चालण्याच्या अडचणीमुळे गाडी लागते आहे, तर दुकानातली मोठी बाबागाडी त्यावरचा उपाय नव्हे. अशा मुलांसाठी मान, कंबर आणि पाय यांना वेगवेगळा आधार देणाऱ्या गाड्या मिळतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मापे घेऊन मगच त्या मागवायच्या.