हृदयातला रक्ताचा रस्ता: पेन न उचलता काढून बघा

हृदयाच्या आकृतीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो डाव्या-उजव्याचा, कारण हृदयाची उजवी बाजू कागदावर डावीकडे असते आणि शाळेत असताना मला हे कुणी धड सांगितलंच नव्हतं, मार्क गेले तेव्हा कळलं. उपाय सोपा आहे, आकृतीचा कागद चित्र बाहेर करून स्वतःच्या छातीवर धरा, उजवं बरोबर उजव्या हाताकडे येतं.

आता एक चौकोन काढून त्याचे चार कप्पे करा. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय (जुन्या पुस्तकात कर्णिका-जवनिका असेल, तेच ते). मधली उभी रेघ जाड आणि सलग हवी, तो पडदा आहे, तिथून रक्त इकडचं तिकडे जात नाही. आडव्या रेघेत मात्र दोन्हीकडे दार ठेवा.

पेन उजव्या अलिंदात टेकवा. अंगभर फिरून ऑक्सिजन कमी झालेलं रक्त दोन महाशिरांतून इथे येतं, मग त्रिदली झडपेतून खाली उजव्या निलयात, तिथून फुफ्फुस धमनीने फुफ्फुसात, ऑक्सिजन घेऊन चार फुफ्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, द्विदली झडपेतून डाव्या निलयात आणि शेवटी महाधमनीतून बाहेर.

इथे एक गोची आहे. धमनी म्हणजे शुद्ध रक्त असं पाठ केलं असेल तर ते डोक्यातून काढा, फुफ्फुस धमनीत उलटंच असतं. हृदयापासून लांब नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, बास. आणि डाव्या निलयाची भिंत मुद्दाम जाड काढा, उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच ढकलायचंय, याला पार पायाच्या बोटापर्यंत.

पेन फिरवताना वाटतं आधी उजवीकडचं काम, मग डावीकडचं. तसं नसतं, दोन्ही निलय एकदमच आकुंचन पावतात. कुणाच्या छातीला कान लावा, 'लब' म्हणजे अलिंद-निलयामधल्या झडपा बंद झाल्या, 'डब' म्हणजे धमन्यांच्या तोंडाच्या. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर!

महाधमनीच्या मुळाशी दोन बारीक फांद्या काढायला विसरू नका, कप्पे रक्ताने भरलेले असले तरी हृदयाच्या स्नायूला त्याचं रक्त या फांद्यांतूनच मिळतं, आणि तेही वापरून झालं की बहुतेक सगळं उजव्या अलिंदातच परत येतं, जिथे तुम्ही पेन टेकवला होता.