बहावा दारात लावायचा तर बी पेरूनच

एप्रिल संपत आला की रस्त्याकडेचे बहावे पिवळ्या झुंबरांनी लगडतात आणि असं एक झाड आपल्याही आवारात असावं असं वाटू लागतं. मग रोपवाटिकेतून पाच-सहा फुटी रोप येतं, खड्ड्यात लागतं आणि पुढे दोन-तीन वर्षं जेवढ्यास तेवढंच राहतं. दोष बहुतेक वेळा मुळाशी असतो. बहाव्याचं सोटमूळ रोप वीतभर असल्यापासूनच खोल जायला बघतं. पिशवीच्या तळाला अडलं की ते वेटोळं घालतं आणि जमिनीत गेल्यावरही ते वेटोळं सहज सुटत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की बहावा बियांपासूनच करावा. खर्च जवळजवळ नाहीच, फक्त थोडी उस्तवार आहे.

सुरुवात जागेपासून करा. बहावा तीस-चाळीस फूट उंच होतो, तेव्हा भिंतीपासून निदान दहा-बारा फूट अंतर ठेवा आणि डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना ते पाहा. महाराष्ट्रात शहरी भागाला १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. चुकीच्या जागी वाढलेलं झाड नंतर आपल्या मर्जीने तोडता येत नाही. ऊन दिवसभर हवं. सावलीत पानं भरपूर येतात, फुलं मात्र रुसतात. मुरमाड, हलकी जमीन याला मानवते. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर फूटभर उंचवटा करून त्यावर लावा.

पिकलेल्या शेंगा हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली पडलेल्या सापडतात. हात-दीड हात लांब, काळपट तपकिरी, हलवली की खुळखुळणारी शेंग घ्या. दगडाने ठेचून उघडलीत की आत नाण्यांची चळत लावल्यासारखे आडवे पडदे दिसतील. दोन पडद्यांमध्ये चिकट काळा गर आणि एक चपटं, चकचकीत बी असतं. हा गर म्हणजे आयुर्वेदातला आरग्वधाचा मगज. तो गोडसर लागतो, पण रेचक आहे. मुलांना चाखू देऊ नका आणि वैद्यांना विचारल्याशिवाय स्वतःही घेऊ नका. बिया पाण्यात चोळून स्वच्छ धुवा.

आता खरी मेख. हे बी तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने मातीत गप्प पडून राहतं, कारण त्याचं कवच पाणी आत शिरू देत नाही. रानात माकडं, कोल्हे, अस्वलं शेंगा खातात. बी त्यांच्या पोटातून बाहेर पडतं आणि मग रुजतं. ते काम घरी आपण करायचं. पॉलिश पेपरवर बियाची एक कड आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासा. ज्या टोकाला बी शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडून घासा, कारण अंकुर तिथेच असतो. घासलेलं बी रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. बिया पुष्कळ असतील तर पाण्याला उकळी आणा, भांडं आचेवरून उतरवा आणि मगच बिया टाकून रात्रभर तशाच राहू द्या. गॅसवर ठेवून उकळू मात्र नका. सकाळी जी बी टम्म फुगली ती पेरायची. जी तशीच कडक राहिली तिच्यावर पुन्हा तोच प्रयोग.

पेरणी मार्च-एप्रिलमध्ये करा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत रोप हाताशी येतं. रोपाची पिशवी रुंद नको, लांब हवी. फूटभर तरी खोल. माती, शेणखत आणि वाळू सारख्या प्रमाणात घेऊन बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल टोचा. आठवडा ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो. आवाराला कुंपण असेल तर पिशवीच्या भानगडीत न पडता जूनच्या पहिल्या पावसानंतर दोन-तीन बिया थेट जागेवरच टोचा आणि पुढे जोमदार रोप ठेवून बाकीची काढा. मला हीच पद्धत अधिक पसंत आहे.

पिशवीतलं रोप लावायचं तर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या. दोन पाऊस चांगले झाले की त्यात माती आणि दोन घमेली शेणखत भरून रोप लावा. बहावा शेंगा धरणारा असला तरी त्याच्या मुळांवर तूर-हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी येत नाहीत, तेव्हा खताला फाटा देऊ नका. पिशवी ब्लेडने उभी कापा आणि मातीचा गोळा फुटू देऊ नका. तळाशी मूळ वळलेलं दिसलं तर तेवढाच तुकडा कात्रीने छाटा.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी सावकाश मुरू द्या. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका. तिसऱ्या वर्षापासून पाणी कमी करत न्या. फुलण्याआधी बहावा पानं गाळतो. त्या दिवसांत झाड वाळलं असं समजून पाणी ओतत बसायची गरज नसते. छाटणी करायचीच तर फुलं सरल्यावर करा. हिवाळ्यात छाटलंत तर येणाऱ्या बहराच्याच फांद्या जातात.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्यांची पुढे फिकट पिवळसर फुलपाखरं होतात. पानं कुरतडली तरी झाड लवकरच नवी पालवी काढतं, औषध मारू नका.

पहिला बहर यायला साधारण पाच ते आठ वर्षं लागतात. तो आला की सकाळी झाडाखाली जाऊन उभे राहा. मोठे काळे भुंगे फुलाला धरून थरथरताना ऐकू येतील. त्या थरथरीने पराग बाहेर पडतो आणि शेंग धरते. ती शेंग पिकायला पुढचा हिवाळा उजाडतो, तोवर ती झाडावरच राहू द्या.