एजंट भलतंच टूल उचलतोय? टूलच्या वर्णनातल्या या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या लोकांसाठी जमिनीची किंवा बसची माहिती देणारा एआय एजंट करायला घेतला की एक तक्रार हमखास येते: एपीआय चालतोय, मॉडेल चांगलं आहे, तरी उत्तर चुकतंय. मग मॉडेल बदलायची घाई होते. त्याआधी टूलचं, म्हणजे माहिती आणायला मॉडेल जे फंक्शन बोलावतं त्याचं, वर्णन उघडून बघा. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (त्यात भरायचे रकाने), एवढ्यावरच ते ठरवतं की कुठलं टूल बोलवायचं आणि त्यात काय भरायचं. पायथनच्या बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये फंक्शनची डॉकस्ट्रिंगच (त्याच्या सुरुवातीला लिहिलेला माहितीचा मजकूर) वर्णन म्हणून पुढे जाते. तिथं ‘नंतर लिहू’ असं लिहून ठेवलं असेल, तर मॉडेलच्या हाती तेवढंच लागतं.

एकक न सांगणं

आपल्या भागात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा टूलमध्ये ‘क्षेत्र’ नावाचा एक पॅरामीटर आहे, प्रकार संख्या, वर्णन ‘जमिनीचं क्षेत्र’. शेतकरी उताऱ्यावरचा आकडा सांगतो, २-२०. कर्नाटकच्या आरटीसीवर (तिकडचा जमिनीचा उतारा, म्हणजेच पहाणी) याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच एकर. मॉडेलनं २.२० भरलं आणि तुमच्या कोडनं ते दशांश धरलं, तर २.२ एकर होतात, ८८ गुंठे. बारा गुंठे गायब! आणि तोच आकडा महाराष्ट्रातल्या कागलकडच्या सातबाऱ्यावरचा असेल, तर तो दोन हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास साडेपाच एकर.

यात एरर कुठंच येत नाही. २.२० ही वैध संख्या आहे, त्यामुळे स्कीमा (पॅरामीटरचा प्रकार आणि मर्यादा ठरवणारा साचा) कितीही कडक ठेवा, ती पास होते. स्कीमा फक्त आकार तपासते, अर्थ तपासत नाही.

दुरुस्ती अशी: ‘एकर’ आणि ‘गुंठे’ हे दोन वेगळे पूर्णांक करा, गुंठ्यांना ० ते ३९ ची मर्यादा घाला, आणि वर्णनात लिहा, ‘कर्नाटकच्या उताऱ्यावरचं क्षेत्र. २-२० म्हणजे एकर २, गुंठे २०. आकडा हेक्टर-आरमध्ये असेल तर हे टूल वापरू नका.’ शेवटचं वाक्य लोक गाळतात. टूल कधी वापरायचं नाही, हेही वर्णनातच यायला हवं.

ओळख क्रमांकाचंही तेच. इकडे कर्नाटकात सर्व्हे नंबर आणि हिस्सा, पलीकडे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गट नंबर. ‘जमीन क्रमांक’ असं एकच गोलमाल नाव दिलंत, तर मॉडेल जे सापडेल ते त्यात कोंबतं.

दोन टूलं, एकच वर्णन

एक टूल वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाड्यांचं, दुसरं महाराष्ट्राच्या एसटीचं, आणि दोन्हींवर लिहिलंय ‘बसचं वेळापत्रक देतं’. निपाणीहून कोल्हापूरला दोन्हीकडच्या गाड्या जातात. मॉडेल त्यातलं एक उचलणार आणि अर्ध्या गाड्या सांगून मोकळं होणार. माझं मत विचाराल तर इथं वर्णनं घासत बसू नका. एकच टूल करा आणि ‘महामंडळ’ पॅरामीटरला तीन ठरलेले पर्याय द्या: कर्नाटक, महाराष्ट्र, दोन्ही.

गावांच्या नावांनाही ठरलेली यादीच बरी. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण विचारणारा बेळगाव म्हणतो आणि जुन्या डेटात बेलगाम असतं. तुमच्या डेटाबेसला यातलं कुठलं चालतं ते लिहा.

नावं मोघम नकोत. ‘डेटा_आणा’पेक्षा ‘आरटीसी_शोधा’ बरं. (प्रत्यक्षात बहुतेक एपीआय टूलच्या नावाला रोमन अक्षरंच घेतात.) वर्णन मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, दोन्ही चालतं. फक्त लोक जे बोलतात ते शब्द त्यात असू द्या: उतारा, पहाणी, आरटीसी.

रिकामं उत्तर

सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही आणि टूलनं रिकामी यादी परत केली, की एजंट ठणकावून सांगतो, ‘तुमच्या नावावर जमीन नाही.’ ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येईल. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘सर्व्हर बंद आहे’ ही दोन वेगळी उत्तरं परत करा आणि वर्णनात दोन्हींचा अर्थ सांगा. एरर देताना नुसतं ‘४००’ (विनंती चुकीची आहे, असा कोड) पाठवू नका. ‘हिस्सा क्रमांक दिलेला नाही, वापरकर्त्याला विचारा’ असं पाठवलंत, तर मॉडेल पुढचा प्रश्न नीट विचारतं.

चूक कुठं आहे ते कसं ओळखायचं

लॉगमध्ये (एजंटनं काय काय केलं त्याच्या नोंदीत) कुठलं टूल बोलावलं आणि त्यात काय भरलं, एवढंच आधी बघा. भलतंच टूल असेल तर दोन वर्णनं एकमेकांवर चढली आहेत. टूल बरोबर पण भरलेलं चूक, तर पॅरामीटरचं वर्णन अपुरं आहे. टूल बोलावलंच नाही, तर कधी वापरायचं ते लिहिलेलं नाही. तेच टूल पुन्हा पुन्हा बोलावतोय, तर परत येणाऱ्या उत्तरातून त्याला काही कळत नाहीये.

आणि तपासायचे प्रश्न स्वतः बसून रचू नका, तुम्ही ते फार नीटनेटके लिहाल. घरातल्या किंवा शेजारच्या कुणा शेतकऱ्याला विचारायला लावा, मधेच कन्नड शब्द आला तर तसाच राहू द्या. एका वेळी एकच वर्णन बदला आणि तेच प्रश्न पुन्हा चालवा. दोन बदलली, तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.